कसोटी आणि कोयता

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा, ही त्याची एक कसोटी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ती सैल करावी, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. या मुलांना कमी आले तरी चालेल, असे मानणे म्हणजे त्यांच्या हाती आजच कोयता देणे होय.

परंतु कसोटी कडक, तर गुरुजींची तयारीही तशीच हवी. दिवाळीच्या आगेमागे गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या सुमारास परततात. मधल्या काळात आलेली अक्षरेही पुसली जातात. अशा वेळी इयत्ता न पाहता मूल जेथे अडले तेथून आरंभ करावा. फड, मोळी, वाढे या त्याच्या ओळखीच्या शब्दांतून अक्षरे द्यावीत. हा सराव सभागृहातल्या व्याख्यानाने होत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांतले काही तास चैत्रात, परतलेल्या मुलांसमोर, प्रत्यक्ष वर्गातच घ्यावेत. आपल्यापैकी कित्येक जण उद्या गुरुजी होणार आहेत. तेव्हा ही मागणी आपणच केली पाहिजे.