घर दोघांचे, सवलत एकीची

महागावसारख्या तालुक्याच्या गावी खरेदीखत म्हटले की शेत, प्लॉट आणि सातबारा एवढेच डोळ्यांसमोर येते. अविवाहित जोडप्याने मिळून घर घ्यावे, हा विषय येथे पुण्यामुंबईचा चोचला वाटण्याचा संभव आहे. परंतु याच गावांतील मुलेमुली नोकरीनिमित्त पुण्यास जाऊन राहिली आहेत, आणि त्यांच्या घरखरेदीचे बरेवाईट परिणाम अखेर गावाकडील आईबापांच्याच दारी येतात. विवाहावाचून सहवास योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालावयाचा नाही. प्रश्न करआकारणीच्या न्यायाचा आहे.

महाराष्ट्र शासनाने 1 एप्रिल 2021 पासून स्त्रीच्या नावे होणाऱ्या निवासी खरेदीवर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट दिली. हेतू स्तुत्यच. मात्र खरेदीदारांत पुरुषाचे नाव आले की ही सूट मिळत नाही. 50 लाखांच्या सदनिकेवर हा फरक 50 हजारांचा. नव्याने संसार मांडणाऱ्यास ही रक्कम लहान नव्हे. साहजिकच सल्ला मिळतो तो असा, की घर तिच्या एकटीच्या नावे घ्या, हप्ते दोघे भरा.

विवाहितांना हा सल्ला पचतो. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घर घेतले, तर बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा त्यास बेनामी मानीत नाही. पुढे निम्मा हिस्सा पतीच्या नावे करावा असे वाटले, तर निवासी मिळकतीच्या बक्षीसपत्रास 2015 च्या दुरुस्तीनुसार मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये. स्थानिक अधिभार काय तो निराळा. शिवाय पतिपत्नींमधील बक्षिसावर आयकर नाही.

अविवाहितांनी हेच केले तर? बेनामी कायद्यातील अपवाद पत्नीपुरता, पतीपुरता आणि ठरावीक रक्ताच्या नात्यांपुरता आहे. सहचरासाठी तो नाही. म्हणजे 50 हजार वाचविण्याच्या नादात त्या तरुणाने जप्तीचा आणि खटल्याचा धोका पत्करावयाचा! निम्मा हिस्सा परत घ्यावयाचा म्हटले, तर 25 लाखांवर 5 टक्क्यांच्या मूळ दराने सव्वा लाख मुद्रांक शुल्क, वर अधिभार. आणि 50 हजारांहून अधिक किमतीची मिळकत ‘नातलग’ नसलेल्याकडून फुकट मिळाली म्हणून ते 25 लाख त्याच्या करपात्र उत्पन्नात धरले जाणार. तेव्हा आज त्यांच्यापुढे शहाणपणाचा मार्ग एकच: सूट सोडावी आणि प्रथमपासून दोन्ही नावे घालावीत. मृत्युपत्रही करून ठेवावे. कारण 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पत्नी पहिल्या वर्गातील वारस आहे. सहचारिणी कोणत्याच वर्गात नाही.

‘मग लग्न का करीत नाहीत?’ असे कोणी विचारील. काहींचा पूर्वीचा घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षे चाललेला असतो. समलिंगी जोडप्यांना तर 17 ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो मार्गच खुला नाही. अशाच एका जोडप्याने बक्षिसावरील आयकराला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले असून, न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये महान्यायवाद्यांना नोटीस काढली.

करकायद्यास लग्नाची चौकशी केल्यावाचून चालत नाही, असेही नाही. 2019 ते 2022 या काळात मंजूर झालेल्या गृहकर्जांवरील व्याजासाठी पहिले घर घेणाऱ्यास दीड लाखांपर्यंत जी वजावट ठेवली होती, तिच्यात कर्जदाराच्या नावे दुसरे घर आहे काय, एवढेच पाहिले जाई. तो विवाहित की अविवाहित, याला महत्त्व नव्हते. मुद्रांक शुल्काच्या बाबतीत तर काम त्याहून सोपे आहे. खरेदीखतात स्त्रीचा जेवढा हिस्सा, तेवढ्यावर 1 टक्का सूट, असा नियम केला की पुरुषाचे नाव वगळण्याचा मोहच उरणार नाही. यात विवाहित स्त्रियांचाही लाभ आहे. कारण दोघांच्या नावे घर घेणाऱ्या पत्नीला आज काहीच मिळत नाही. 2021 च्या सवलतीतील, पंधरा वर्षे पुरुषास घर न विकण्याची अट शासनाने 2023 मध्ये काढून टाकली होती. ही दुरुस्तीही एका अधिसूचनेने होऊ शकते. तिच्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.