मंत्र जपून वापरा!

बालमित्रांनो, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव ऐकलंय का? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल नि फासे घेऊन टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि राक्षसांचे फासे टाकतो. बाकीचे सगळे एकाच बाजूचे बरं का!

प्रत्येक पात्राला ठरावीक प्राणगुण असतात. घाव बसला की ते कमी होतात आणि शून्यावर आले की पात्र बेशुद्ध! क्लेरिक नावाचं पात्र मंत्राने जखमा बऱ्या करतं. पण २०१४च्या नियमांनुसार नवशिक्या क्लेरिकला असे मंत्र दोनदाच म्हणता येतात. मग आठ तासांची विश्रांती घेतल्याशिवाय काही नाही.

समजा, तुम्ही क्लेरिक आहात आणि तुमचा एकच मंत्र उरलाय. तुमच्या योद्धा मित्राचे १२पैकी ५ गुण शिल्लक आहेत. मंत्राने मिळणार आठ बाजूंच्या फाशावरचा आकडा अधिक तुमच्या पात्राच्या शहाणपणाचे ३. आता सांगा, मंत्र लगेच म्हणायचा की थांबायचं?

‘मित्र जखमी आहे, लगेच!’ असं म्हणालात ना? थांबा. आधी समोर कोण आहे ते पाहा.

समोर गॉब्लिन असेल, तर त्याच्या तलवारीचा साधा घाव फार तर ८ गुणांचा. मित्र बेशुद्ध पडेल, पण लगेच मंत्र म्हटलात की उठेल. शिवाय ५ गुणांचा योद्धाही १२ गुणांच्या योद्ध्याइतक्याच जोराने लढतो. म्हणून तुम्हीही गदा उचला. गॉब्लिनच पडला, तर घाव टळला नि मंत्रही वाचला!

समोर ऑगर हा धिप्पाड राक्षस असेल तर? त्याच्या सोट्याचा साधा तडाखा २० गुणांपर्यंत जातो. इथे एक कडक नियम आहे. गुण शून्यावर आल्यावर उरलेला घाव पात्राच्या एकूण गुणांइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर पात्र जागीच मरतं. २० वजा ५ म्हणजे १५. ते १२हून जास्त. संपला की मित्र! पण आधी मंत्र म्हटलात आणि फाशावर नुसता १ पडला, तरी ५ अधिक ४ म्हणजे ९ गुण होतात. २० वजा ९ म्हणजे ११. वाचला!

पाहिलंत? जखम तीच, मंत्र तोच, पण उत्तरं दोन. जखम किती झाली एवढंच बघू नका, पुढचा घाव किती मोठा असेल तेही मोजा.

आता कोडं. समोर ऑगरच आहे, पण मित्राचे ९ गुण शिल्लक आहेत. मंत्र आत्ताच म्हणाल का? वहीत मांडून पाहा आणि आईबाबांनाही विचारा!