फांशीची शिक्षा आणि पंचांची सही

घोडनदीच्या पेठेंत काय किंवा दौंडच्या बाजारांत आडत्यांच्या ओट्यांवर काय, खुनाची बातमी येऊन थडकली कीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. पहिलें, ‘फांशीच दिली पाहिजे’. आणि दुसरें, ‘पण कोर्टांत वर्षानुवर्षें घोळत ठेवतील’. उसाच्या मळ्यांत एकाकी घर करून राहणाऱ्या कुटुंबाच्या जिवावर रात्रीं दरोडेखोर उठतात, तेव्हां असा संताप येणें स्वाभाविक आहे, व त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्याच्या अंगणांत प्रेत पडलें त्यास कायद्याचीं कलमें वाचून दाखवूं नयेत, एवढें आम्हांसहि कळतें. परंतु ज्यांस विचार करण्यास सवड आहे अशा आमच्या सुशिक्षित व व्यापारी वाचकांपुढें आज आम्ही एक खटला ठेवणार आहों. तो शिरूरचा नाहीं व दौंडचाहि नाहीं. दुसऱ्या जिल्ह्याचा आहे. पण तो येथें घडला नाहीं हा केवळ योगायोग होय, असें आमचें मत आहे, व तें कां, तें पुढें सांगूं.

प्रथम, हें ‘घोळत ठेवणें’ म्हणजे काय तें पाहूं. खुनाचा आरोपी शिरूर किंवा दौंड येथील मॅजिस्ट्रेटापुढें उभा केला जातो व तेथून खटला सत्र न्यायालयाकडे जातो. सत्र न्यायाधीशानें फांशी सुनावली म्हणून ती लागलीच अमलांत येत नाहीं. हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनीं ती कायम करावी लागते. पुढें सुप्रीम कोर्टांत अपील, त्यानंतर फेरविचाराचा अर्ज, आणि शेवटीं राज्यपाल व राष्ट्रपति यांजकडे दयेचा अर्ज. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही हायकोर्टाच्या कायमपणाची तजवीज १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत राहिली, व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि ती राखलेली आहे. शिवाय १९८० सालीं बच्चनसिंगाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें ठरवून दिलें कीं खुनास जन्मठेप हा नियम, व फांशी ही विरळांतील विरळ प्रसंगीं. इतक्या पायऱ्या कां ठेविल्या? कारण माणूस मारल्यावर निकाल फिरविण्याची सोय कोणत्याहि कोर्टापाशीं नाहीं.

आतां तो खटला. ५ जून २००३ च्या रात्रीं शेतांत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडेखोर तुटून पडले. पांच माणसें ठार झालीं. बायकामुलींवर अत्याचार झाले, त्यांचें वर्णन आम्ही येथें करीत नाहीं. कुटुंबांतील आई व एक मुलगा जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीचे सहा मजूर पकडले गेले. जून २००६ मध्यें सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशी सुनावली. मार्च २००७ मध्यें हायकोर्टानें तिघांची फांशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें, व ३० एप्रिल २००९ रोजीं न्यायमूर्ति पसायत व न्यायमूर्ति गांगुली यांनीं सहाही जणांस फांशी ठोठावली. पेठेंतील लोकमतास याहून अधिक काय पाहिजे होतें?

परंतु त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनीं, १३ मे २००९ रोजीं, त्याच सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठानें आपल्या पुण्यांतीलच एका अपहरण व खुनाच्या खटल्याचा निकाल देतांना एक निराळीच गोष्ट उघडकीस आणली. फांशी देतांना गुन्ह्याकडे पाहावें, गुन्हेगाराकडे पाहण्याचें कारण नाहीं, असें राजस्थानांतील रावजी नांवाच्या माणसाच्या खटल्यांत १९९५ सालीं ठरलें होतें. हें मत बच्चनसिंगाच्या निकालाशीं विसंगत असून तें चुकून दिलें गेलें, असें या खंडपीठानें म्हटलें. वरील खटल्याचा ताजा निकालहि त्याच चुकीवर आधारलेला होता! स्वतः रावजी तर १९९६ सालींच फांशी गेलेला होता. पुढें २०१२ सालीं चौदा निवृत्त न्यायाधीशांनीं राष्ट्रपतींस लिहून अशा कैद्यांची फांशी माफ करण्याची विनंति केली. या सहा जणांपैकीं एक जण तर गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयी होता, असें त्याच वर्षीं निष्पन्न झालें.

येथवर प्रश्न केवळ शिक्षेचा होता. गुन्हा यांनींच केला काय, हा प्रश्न अद्याप कोणी नीट विचारलेलाच नव्हता. त्यांचा फेरविचाराचा अर्ज पूर्वीं न्यायमूर्तींच्या दालनांत, वकिलाचें तोंडी म्हणणें न ऐकतां, निकालांत निघाला होता. २०१४ सालीं मोहम्मद आरिफ या कैद्याच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं फांशीच्या प्रकरणीं फेरविचार तीन न्यायमूर्तींपुढें, उघड्या कोर्टांत, वकिलांस ऐकूनच झाला पाहिजे. त्या नियमामुळें २०१८ सालीं हें प्रकरण पुन्हां उघडलें गेलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं न्यायमूर्ति सिक्री, अब्दुल नझीर व एम. आर. शाह यांनीं सहाही जणांस संपूर्ण निर्दोष सोडलें. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ या नांवानें हा निकाल प्रसिद्ध आहे. प्रत्येक वकिलानें तो वाचावा, व प्रत्येक फौजदारानें दोनदां वाचावा.

निर्दोष सोडले तें कशावरून? नवा साक्षीदार आला नाहीं, कीं खऱ्या गुन्हेगारानें येऊन कबुली दिली नाहीं. जें सांपडलें तें पहिल्यापासून दप्तरांतच होतें. घटनेनंतर दोनच दिवसांनीं, ७ जून २००३ रोजीं, वाचलेल्या त्या आईस पोलिसांनीं नोंदलेल्या गुन्हेगारांचीं छायाचित्रें दाखविलीं, व तिनें चार जणांवर बोट ठेविलें. ते चौघे या सहा जणांपैकीं नव्हेत! त्या चौघांची चौकशी कां झाली नाहीं याचा खुलासा सरकार पक्षास शेवटपर्यंत करतां आला नाहीं. सुप्रीम कोर्टानें त्या चौघांबद्दल पुढील तपासाचा हुकूम दिला, कसूरदार अधिकाऱ्यांची चौकशी करावी म्हटलें, व प्रत्येकी पांच लक्ष रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं, त्यांतील निम्म्याहून अधिक फांसाच्या छायेंत. पांच लक्षांस सोळांनीं भागून पाहावें. हिशेब व्यापाऱ्यांस आम्हीं शिकवावा असें नाहीं.

वाचकहो, आतां ‘घोळत ठेवतात’ या तक्रारीचा अर्थ लावा. २००९ च्या निकालानंतर वर्षा-सहा महिन्यांत दोर ओढला असता, तर सहा निरपराधी माणसें मेलीं असतीं व आपण सर्वांनीं ‘न्याय झाला’ म्हणून समाधान मानलें असतें. ज्या बाईचा संसार बुडाला तिला मात्र न्याय दोन्हींकडून नाहीं: निरपराध्यांस फांशी दिल्यानें तो मिळाला नसता, व त्यांस सोडल्यानेंहि मिळाला नाहीं. जिनें दोनच दिवसांनीं खूण दाखविली, तिचें बोट सोळा वर्षें कागदांत दडपून राहिलें.

कोर्टांच्या पायऱ्यांवर होणारा उशीर व दप्तरांतील सुस्ती या गोष्टी मात्र भिन्न आहेत, व सुस्तीचा कैवार आम्ही घेत नाहीं. याच पुणें जिल्ह्यांत, मावळांतील गहुंज्यापाशीं, नोव्हेंबर २००७ मध्यें कामावर निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्या दोघां गुन्हेगारांची फांशी सुप्रीम कोर्टानें मे २०१५ त कायम केली, राष्ट्रपतींनीं दयेचा अर्ज मे २०१७ त फेटाळला, आणि फांशीचें वारंट निघालें तें एप्रिल २०१९ त! या अक्षम्य दिरंगाईमुळें त्याच वर्षीं जुलैंत हायकोर्टानें फांशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली, व डिसेंबर २०२४ मध्यें सुप्रीम कोर्टानें तेंच उचलून धरलें. हा दोष अपिलांच्या तजविजीचा नव्हे. कागद हलविणाऱ्यांचा आहे. उलट, पुण्यांतच १९९४ सालीं एका कुटुंबांतील सात जणांच्या खुनाबद्दल फांशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळीं अवघा साडेबारा वर्षांचा होता, हें सुप्रीम कोर्टानें मार्च २०२३ मध्यें मान्य केलें. जन्मतारीख ही काय इतकी गूढ वस्तु आहे? शाळेचें रजिस्टर उघडून पाहावयास अठ्ठावीस वर्षें लागलीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं खटल्याचा कस दिल्लींत लागत असला तरी त्याचें खरेंखोटें तालुक्यांतच ठरतें. आणि येथें शिरूर व दौंड यांचा संबंध येतो. श्रीगोंदें-कर्जतापासून शिरूर-दौंडापर्यंतच्या या पट्ट्यांत पारधी व इतर भटक्या लोकांचीं पालें व वस्त्या आहेत. या लोकांपैकीं अनेक जमातींस इंग्रज सरकारनें १८७१ त सुरू केलेल्या कायद्यानें जन्मतः गुन्हेगार ठरविलें होतें. तो कायदा देशभर रद्द होऊन १९५२ पासून कित्येक दशकें लोटलीं; पण रात्रीं दरोडा पडला कीं सकाळीं पहिली गाडी कोणत्या पालाकडे वळते, हें आम्हीं सांगावयास नको, व त्या गाडीकडे पाहून ‘बरें झालें’ म्हणणारांत आमचे वाचक नसतात असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? पकडलेल्यांत कोणी दोषी नसतो असें आमचें म्हणणें नाहीं. दोषी कोण तें पाल पाहून ठरूं नये, इतकेंच.

दुसरें, पंच. झडती, जप्ती, प्रेताचा पंचनामा, दागिन्यांची ओळख, या सर्वांस दोन प्रतिष्ठित गृहस्थ लागतात, आणि ते बहुधा बाजारांतून आणले जातात. किराणा दुकानदार, सराफ, आडत्या. आम्ही एका तालुक्याच्या कोर्टांत अशा एका सद्गृहस्थांस उलटतपासांत विचारलें, “सही करण्यापूर्वीं पंचनामा वाचला होता काय?” ते म्हणाले, “साहेब, दुकान उघडें टाकून गेलों होतों. जमादारांनीं दाखविलें तेथें सही केली.” कोर्टांत हंशा पिकला. तो पंचनामा मात्र एका माणसाच्या आयुष्याचा होता, व आरोपीच्या पिंजऱ्यांतला तो माणूस हंसला नाहीं.

१ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचें चित्रण करण्याची सक्ती कायद्यानें झाली आहे, ही गोष्ट चांगली. पण यंत्र समोर धरलें तेवढेंच दाखवितें. आदल्या रात्रीं काय झालें तें दाखवीत नाहीं. सरकारी खर्चानें वकील देण्याची सोय १९८७ च्या कायद्यानें आहे, तालुक्याच्या समित्याहि आहेत. फांशीच्या कलमाखालील आरोपीस अनुभवी वकील पहिल्या तारखेस मिळावा, सत्र न्यायालयांत उभा राहिल्यावर नव्हे, यासाठीं शिरूर व दौंड येथील वकील मंडळींनीं स्वतः होऊन पाळी लावून घ्यावी. पोलिसांनीं नोंदविलेला प्रत्येक जबाब व दाखविलेलें प्रत्येक छायाचित्र आरोपीच्या वकिलास पाहावयास मिळालें कीं नाहीं, हें त्यांनीं पहिल्या दिवशीं लेखी विचारावें. वरील सहा जणांच्या प्रकरणीं एवढें विचारलें गेलें असतें तर सोळा वर्षें वांचलीं असतीं.

आणि व्यापारी बंधूंस आमची विनंति अशी: पंच म्हणून बोलावणें आलें तर जाण्यास कां कूं करूं नये, अवश्य जावें. परंतु दुकानाची चिंता तासभर बाजूस ठेवून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. कोऱ्या जागेवर रेघ मारावी, जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें लिहिलें असल्यास खोडावयास सांगावें, आणि खोडलें नाहीं तर सही न करितां घरीं यावें.