कोष्टकात न मावलेली फाळणी: फडकर आणि रामचंद

१/ दत्तू फडकर आणि गुलाबराय रामचंद. पन्नाशीच्या दशकातील भारताचे दोन अष्टपैलू. एकाचा जन्म कोल्हापूरचा, दुसऱ्याचा कराचीचा; दोघेही मुंबईकडून खेळले. यांची तुलना निघाली की सरासरीचे कोष्टक पुढे केले जाते आणि रामचंद यांना 'सामान्य' ठरवून विषय संपवला जातो. त्या घाईला या धाग्याचा आक्षेप आहे.

२/ प्रथम कोष्टक.
फडकर: ३१ कसोटी, १,२२९ धावा, सरासरी ३२.३४, ६२ बळी, सरासरी ३६.८५.
रामचंद: ३३ कसोटी, १,१८० धावा, सरासरी २४.५८, ४१ बळी, सरासरी ४६.३१.
शतके दोघांची दोन-दोन.

३/ फडकर सरस ठरतात, हे निर्विवाद. लिंडवॉल-मिलर यांच्या माऱ्यासमोर १९४८मध्ये ॲडलेड येथे केलेल्या १२३ धावा कोणत्याही युक्तिवादाने लहान होत नाहीत.

४/ पण हे कोष्टक दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून झाली, असे गृहीत धरते. फडकर यांचे पदार्पण डिसेंबर १९४७मध्ये, सिडनीला. तेव्हा फाळणीला चारच महिने झाले होते. ज्या सिंधकडून रामचंद खेळत, तो प्रांतच परदेश झाला होता. संघ गेला, घरचे मैदान गेले. त्यांचे कसोटी पदार्पण जून १९५२मध्ये, लीड्सला. दोन्ही डावांत शून्य.

५/ त्या स्थलांतराचे प्रमाण पाहायचे असेल तर उल्हासनगरकडे पाहावे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प ५' हा आकडा आजही पत्त्यात लिहिला जातो. घर कुठे आहे ते तो सांगतो. कोणते घर सुटले, ते सांगत नाही. सरासरीचा आकडाही याच जातीचा.

६/ 'फाळणी झाली नसती तर' हा हिशेबही मांडू नये. गेलेल्या वर्षांत किती धावा झाल्या असत्या, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात नाही. निर्वासितपणाचे वाढीव गुण रामचंद यांना नकोत; झालेल्या कामगिरीची नोंद पुरेशी आहे.

७/ १९५५, कराची. सोडून आलेल्या जन्मगावी, पाकिस्तानविरुद्ध ४९ धावांत ६ बळी: त्यांची कसोटीतील सर्वोत्तम गोलंदाजी. डिसेंबर १९५९, कानपूर. ऑस्ट्रेलियावर भारताचा पहिला कसोटी विजय, ११९ धावांनी. जसू पटेल यांचे १४ बळी सर्वांना आठवतात. कर्णधार रामचंद होते. फलंदाजी-गोलंदाजीच्या कोष्टकात कर्णधारपदाला रकानाच नाही.

८/ कारकिर्दीचे आकडे हाही ऐतिहासिक दस्तऐवजच. दस्तऐवज कोणी, कशासाठी केला आणि त्यात काय नोंदवले नाही, हे विचारल्याविना तो वाचू नये. हे विचारूनही फडकर वरच राहतील. रामचंद मात्र 'सामान्य' राहणार नाहीत.