पोर वाचतंय का नाय, येवरंच सांगा

पहिली-दुसरीतलं मूल काय शिकतंय हे त्याच्या आई-वडिलांना सांगणं ही शाळेची मेहेरबानी नाही. ते कायद्याने लावून दिलेलं काम आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं लिहिली आहेत. शाळेत वेळेवर यावं, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा करावा, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष झालेली प्रगती सांगावी. तिन्ही एकाच यादीत आहेत, एकाच वजनाने. यातलं पहिलं चुकलं तर खुलासा मागतात, दुसरं चुकलं तर केंद्रप्रमुख विचारतात. तिसरं चुकलं म्हणून कुणाला कुणी जाब विचारल्याचं रायगडच्या किनाऱ्यावर इतकी वर्षं राहून मी पाहिलेलं नाही.

आम्हाला मिळतं ते प्रगतिपुस्तक. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या गुणांवर मूल तोलू नये, शिक्षकाने त्याचं निरीक्षण करून शब्दांत लिहावं, हा त्यामागचा विचार उत्तम होता आणि आजही आहे. त्याची माती कुणी केली? वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका छापून विकणाऱ्यांनी, त्या विकत घेणाऱ्यांनी, आणि रकाना भरलेला दिसला की खाली सही ठोकणाऱ्या तपासनिसांनी. आता तर पुस्तिकाही लागत नाही, नोंदींची यादी मोबाईलवर फिरते. त्यामुळे तीस मुलांच्या तीस प्रगतिपुस्तकांत तीच दहा वाक्यं आलटून पालटून येतात. परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो. गटकार्यात सहभागी होतो. अवांतर वाचनाची आवड आहे. अवांतर वाचनाची आवड असलेल्या त्या मुलाला धड्याची पहिली ओळ वाचता येत नाही, आणि त्याच्या आईला हे चौथी संपली तरी कळत नाही.

आमच्याकडच्या कोळीवाड्यातल्या एका आईने असं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि बाईंना सरळ विचारलं, "पोर वाचतंय का नाय, येवरंच सांगा." तिला उत्तर मिळालं, "हुशार आहे हो, पण मस्ती फार करतो." हे उत्तर नाही. ही बोळवण आहे.

तिच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर सरकारकडे छापील तयार आहे, म्हणून जास्त संताप येतो. 5 जुलै 2021 रोजी निपुण भारत अभियान सुरू झालं. त्यात इयत्तावार उद्दिष्टं दिली आहेत. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द आणि 9999 पर्यंतच्या संख्या. मासळी विकताना तोंडी हिशेब करणाऱ्या बाईला यातलं काय कळणार नाही? एका ओळीत सांगता येतं: तुमचा मुलगा दुसरीत आहे, त्याला इतकं यायला हवं, आज इतकं येतं, उरलेल्यासाठी आम्ही हे करणार आहोत. पण ही उद्दिष्टं भिंतीवरच्या तक्त्यावर राहतात. तक्ता अधिकाऱ्याला दिसेल असा लावलेला असतो.

घरी न सांगण्याची किंमत काय होते हे 2019 च्या जूनमध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला साठ तीन अशी वाचनाची रीत आली. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं लहान मुलांना जड जातात, दशक आधी म्हटलं की संख्या लिहिताना चूक कमी होते, हे त्यामागचं साधं कारण होतं. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर हे पुन्हा पुन्हा समजावत होत्या. पण तोवर घराघरांत मराठी बुडाल्याची बोंब झाली होती आणि विधानसभेत थट्टाही उडाली होती. बदल बरोबर की चूक यावर वाद व्हायलाच हवा होता. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. पुस्तक मुलाच्या दप्तरात घालण्याआधी, हे का बदललं आणि घरी अभ्यास घेताना काय म्हणायचं, हे पालकांना सांगणारी एक पानाची चिठ्ठी शाळेतून घरी का गेली नाही? आयुष्यभर अभ्यास केलेल्या बाईंना टिंगल सोसावी लागली, कारण ज्यांचं मूल शिकणार त्यांना विश्वासात घेण्याची आपल्या शिक्षण खात्याला सवयच नाही. 2025 मध्ये पुन्हा तेच. पहिलीपासून हिंदीचा निर्णय 16 एप्रिलला, त्याची सुधारित आवृत्ती 17 जूनला, दोन्ही रद्द 29 जूनला. शाळा सुरू झाली तेव्हा आपलं सहा वर्षांचं मूल किती भाषा शिकणार आहे हे पालक टीव्हीला विचारत होते.

हे म्हटलं की एक वाक्य ठरलेलं कानावर येतं: पालकांनाच रस नाही हो, सभेला कोण येतंय? हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही. सभा ठेवता कधी? सकाळी अकराला. त्या वेळी कोळीण बाजारात बसलेली असते, तिचा नवरा समुद्रात असतो, आगरी बाई शेतावर नाहीतर कुणाच्या बंगल्यावर कामाला असते. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत मुंबईकरांचे बंगले उभे आहेत आणि ते झाडणाऱ्या, तिथे स्वयंपाक करणाऱ्या बायका याच शाळांच्या पालक आहेत. एका सभेसाठी दिवसाची मजुरी सोडा, असं कुठल्या तोंडाने सांगता? किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. बोटी ओढून ठेवलेल्या असतात, बाप घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते. दीड महिना हाताशी असताना वर्षाची महत्त्वाची सभा नारळी पौर्णिमेनंतर घेणाऱ्याला आपण कुठल्या गावात नोकरी करतो याचा पत्ता नाही. कातकरी वाडीचं गणित याहून वेगळं. पावसाळा सरला की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. त्यांच्याशी बोलायचं ते निघण्याआधी, वाडीवर जाऊन. मार्चमध्ये त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहून नव्हे.

आणि भाषा? कोर्लईच्या किल्ल्याखाली पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली घरात बोलणारी माणसं आहेत. कातकऱ्यांची बोली निराळी, आगऱ्यांची निराळी. त्यांच्या हातात अध्ययन निष्पत्ती आणि आकारिक मूल्यमापन असे शब्द छापलेला कागद ठेवून खाली सही मागायची. याच जिल्ह्यात, तो कुलाबा होता तेव्हा, खोताच्या कबुलायतीवर कूळ न वाचता अंगठा उठवत होतं. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं जमिनी ओस ठेवून ती व्यवस्था हादरवली. त्यांच्या पणतवंडांच्या आया आज प्रगतिपुस्तकावर न वाचता सही करतात.

इंग्रजी माध्यमाला पैसे मोजणाऱ्यांनी इथे हसू नये. कलम 24 त्यांच्याही शाळेला लागू आहे. तिथे रोज फोनवर फोटो येतात: लाल रंगाचा दिवस, फळांचा दिवस, आजी-आजोबांचा दिवस. मूल वाचतं की पाठ म्हणतं, हे त्या फोटोत दिसत नाही. पालकाला इंग्रजी येत नाही हे ओळखून त्याला इंग्रजीत चिठ्ठ्या पाठवणं हा तर उघड दडपशाहीचा प्रकार आहे.

शिक्षकांवर कामांचा डोंगर आहे हे मी मानते. यू-डायसची माहिती, आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं, रोजचा एक नवा दुवा आणि त्यावर आजच भरायचा अर्ज. दोन शिक्षकांच्या शाळेत हे सगळं करून चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच म्हणते, कागद कमी करा. तीस पुस्तकांत उसनी वाक्यं उतरवायला जे दिवस जातात, तेवढ्यात तीस आयांशी प्रत्येकी दहा मिनिटं बोलून होतं.

सांगून काय फरक पडतो, असंही विचारतात. पाकिस्तानच्या पंजाबात 112 गावांमध्ये याचा प्रयोग झाला. निम्म्या गावांत पालकांना आपल्या मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे निकाल दिले गेले. तिथल्या मुलांचं शिकणं सुधारलं आणि खासगी शाळांची फी सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला मात्र गावसभा घेऊन शिक्षण समित्यांचे अधिकार सांगून काहीच हललं नाही. गावातल्या तरुणांनी मुलांना वाचायला बसवलं तिथे मुलं वाचायला लागली. या दोन्हींतून मी घेते ते इतकंच, की ठराव, कोरम आणि समितीची वही यांनी घर जागं होत नाही. आईला स्वतःच्या मुलाविषयी कळावं लागतं, आणि कळल्यावर त्या मुलासाठी शाळेत काहीतरी बदलावंही लागतं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. मूल काय करतंय हे तिथे घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं, कळवायला वेगळा कागद लागत नव्हता.

माझी मागणी त्याच वाटेवरची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, हेही कायद्यातच आहे. त्या सभासदांनी येत्या जुलैचा एक संध्याकाळचा वेळ ठरवावा, शाळेत नव्हे तर कोळीवाड्यातल्या देवळात किंवा वाडीच्या समाजमंदिरात. पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाने आपल्या आई-बापाशेजारी बसून, कधी न पाहिलेला एक परिच्छेद वाचायचा आणि एक वजाबाकी करायची, चारचौघांत नाही, बाजूला. बाईंनी शेजारी बसून सांगायचं, काय येतं, काय येत नाही, दिवाळीपर्यंत काय येईल. दिवाळीआधी, भट्ट्यांवर जाणारे निघण्याच्या आत, तेच मूल त्याच आईशेजारी पुन्हा बसवायचं. ज्या शाळेला हे जमणार नाही तिने पालकांकडून सही मागू नये, आणि पालकांनी ती देऊ नये.