कामाचा दौरा आणि जयपूर हाउसमधला तास

चर्चासत्र, मुलाखत समिती, अभ्यासक्रमाच्या बैठका अशा निमित्तांनी मराठीचे अध्यापक दिल्लीला जात असतात. या फेऱ्यांत करोलबागेतल्या खरेदीला वेळ निघतो, चांदणी चौकातल्या पराठ्यांनाही निघतो. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसला मात्र निघत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते: कामासाठी आलो होतो, चित्रे पाहायला सवडीने यायला हवे. ही सवड बहुतेकांना निवृत्तीपर्यंत मिळत नाही.

माझे मत नेमके उलट आहे. कामाच्या धबडग्यातून काढलेला एखादा तासच चित्र पाहण्यास अधिक अनुकूल असतो. सुट्टीत आलेला माणूस तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या ईर्ष्येने दालनामागून दालने तुडवतो आणि शेवटी त्याला आठवतात ते स्वतःचे दुखरे पाय. तासाच्या मालकाला निवड करावीच लागते. अख्खा कवितासंग्रह एका बैठकीत संपवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण समज देतो. मग चित्रांच्या बाबतीत तीच घाई रसिकता कशी ठरते?

जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे आणि अमृता शेरगिलच्या चित्रांचा मोठा साठा तिथे आहे. त्यांतली दोनच चित्रे पाहावीत (त्या दिवशी भिंतीवर असतील तर, नसतील तर दुसरी दोन). पहिले, १९३५ मधले 'तीन मुली'. तिघी अगदी शेजारी बसल्या आहेत, पण एकमेकींकडे पाहत नाहीत, आपल्याकडेही नाही. साहित्याचा माणूस इथे प्रथम कथा शोधू लागतो: यांची लग्ने ठरली असतील, घरात कोणी बोलले असेल. पाच-दहा मिनिटांत ही कथा आटते. मग वस्त्रांचे रंग एकमेकांना कसे रेटतात, कसे तोलून धरतात, हे दिसू लागते. चित्र पाहणे खरे तर इथे सुरू होते.

दुसरे १९३७ मधले 'ब्रह्मचारी'. या दोन चित्रांच्या दरम्यान शेरगिलने अजिंठा पाहिला, दक्षिणेत प्रवास केला. उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले ते तरुण भित्तिचित्रातल्यासारखे स्थिर आणि सपाट झाले आहेत. अवघ्या दोन वर्षांचे हे अंतर! १९४१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती गेली.

मर्ढेकरांच्या संवादलय, विरोधलय आणि समतोललय या संज्ञा आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगतो. वस्तुतः त्यांचा विचार सर्व ललितकलांना कवेत घेणारा. आपली उदाहरणे मात्र कवितेचीच, तीही ठरावीक. तांबड्यासमोर हिरवा उभा राहतो तेव्हा विरोधलय डोळ्यांना प्रत्यक्ष कशी जाणवते, हे स्वतः न पाहता विद्यार्थ्यांना कशाच्या बळावर सांगणार? प्रवासभत्त्याच्या देयकात या तासाला रकाना नाही, हे खरे. पण तो कामाबाहेरचा कसा, हे मला कोणी पटवून द्यावे.

एक अडचण मात्र खरी आहे. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि आपल्या बैठका, का कोण जाणे, हटकून सोमवारीच लावलेल्या असतात. तेव्हा गाडीचे आरक्षण करताना रविवारी सकाळीच दिल्लीत पोचेल अशी गाडी पाहावी.