कमी दिवसांचे बाळ आणि चोखणी: मनाई का सैल झाली?

"चोखणी नको म्हणता, मग एनआयसीयूत नर्स ती बाळाला का देते?" हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच आहे. १९८९ च्या स्तनपानाच्या 'दहा पायऱ्यां'मध्ये चोखणीला सरसकट मनाई होती. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफने ती सैल केली: चोखणीचे धोके आईला समजावून सांगा, एवढेच आता म्हटले आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीने. त्या काळात बाळाला नुसते चोखू दिले तर ते तोंडाने लवकर पिऊ लागते, घरीही लवकर जाते. वजन मात्र त्याने वाढत नाही. माझ्या मते, शक्य असेल तिथे दूध काढून घेतलेला आईचा स्तनच चोखायला द्यावा. घरी आल्यावर भुकेल्या बाळाला चोखणी देऊन दुधाची वेळ टाळू नका.